चाकाखालचा खट्‌ आवाज

(1995 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना झालेले व्यत्यय आणि मागच्या बाकांवरून आलेले शेरे गाळले आहेत.)



संयोजकांनी मला फोन करून विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी म्हटलं, त्या विषयावर आपली मुलंच आपल्याला चार गोष्टी सांगतील. मी गेली बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यावर बोलायला मला सारखंच बोलावतात. या जूनमध्ये मी माझ्या हातांनी एक काम केलं, त्याबद्दल बोलते. काय काम, असं विचारलं. म्हटलं, गाडीच्या पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट बदलला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं, पंधरा मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे."

तर पंधरा मिनिटं.

बॉल जॉइंट म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सोसावं. आपल्या विज्ञानाच्या वर्गात हाडांचा तक्ता टांगलेला असायचा. बिजागरीचा सांधा कोपराला, उखळीचा सांधा खांद्याला आणि खुब्याला. बॉल जॉइंट म्हणजे गाडीचा उखळीचा सांधा. पुढच्या चाकाला दोन हालचाली एकदम लागतात. खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर वरखाली व्हायचं, आणि स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे वळायचं. दोन्ही एकाच ठिकाणी जमवायचं तर बिजागरी चालत नाही, उखळच पाहिजे. एक पोलादी गोळी, तिला दांडा, गोळी एका वाटीत बसवलेली, आत ग्रीस, आणि वरून रबरी टोपण. त्याला गॅरेजमध्ये बूट म्हणतात. आकाराने मोठ्या लिंबाएवढं प्रकरण.

आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याची ही रचना. 1950 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या फोर्ड कॉन्सुल आणि झेफर या गाड्यांना ती होती, आणि 1983 मध्ये आपल्याकडे आलेल्या मारुती 800 लाही पुढे तीच. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून एक उभा खांब. गाडीचं वजन त्या खांबावर. खालच्या बाजूला एक आडवा हात, लोअर आर्म, जो चाकाला खालून धरून ठेवतो. त्या हाताचं टोक आणि चाकाचा धारक, ज्याला मिस्त्री लोक नकल म्हणतात, यांच्यामध्ये आपला बॉल जॉइंट. एका चाकाला खालून धरणारा हा एकच. तो सुटला तर चाक खालच्या बाजूने बाहेर फेकलं जातं, गाडी त्या कोपऱ्यावर रस्त्यावर बसते, आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. तांत्रिक भाग एवढाच. आता गोष्ट.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत मी पुण्याहून आईकडे वाईला येत होते. सुरूर फाट्यावरून आत वळल्यावर थोड्याच अंतरावर चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेला गॅरेज होतं, गाडी हळूहळू तिथपर्यंत नेली. मिस्त्रींनी चाक काढलं, स्टेपनी लावली. लावता लावता आत डोकावून म्हणाले, "मॅडम, या बाजूच्या बॉल जॉइंटचा बूट फाटलाय. ग्रीस बाहेर आलंय. पावसाच्या आत बदलून घ्या." मी फोनवर बोलत होते. मान हलवली. "पुण्यात दाखवते," म्हटलं. पंक्चरचे पैसे दिले आणि निघाले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं, पण मी त्याचा वेगळाच अर्थ लावला. शहरातून एकटी गाडी चालवत येणारी बाई म्हणून बघत असतील.

पुण्यात दाखवली. नाव घेत नाही, पण चकचकीत ठिकाण. काचेच्या पलीकडून गाडी बघायची, इकडे कॉफी प्यायची. शेवटी त्यांनी मला एक छापील कागद दिला, चाळीसेक ओळींचा, प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण. 'सस्पेन्शन – ठीक' अशीही एक ओळ. तो कागद बघून मला फार बरं वाटलं. माझा सगळा जन्म अशा हिरव्या खुणांवर गेलाय. आमच्या कामात रात्री चाचण्या चालतात आणि सकाळी पडद्यावर सगळं हिरवं दिसलं की आम्ही चहा प्यायला जातो. ती हिरवी खूण कशी आली, खरंच काही तपासलं का, हे विचारायचं असतं, आणि ते मी नव्या मुलांना दर वर्षी शिकवते. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत विचारलं नाही.

जानेवारीत आवाज सुरू झाला. सोसायटीच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवरून उतरताना खट्‌. एकदाच, कोरडा. पार्किंगमध्ये हळू वळवताना पुन्हा खट्‌. पुन्हा त्याच ठिकाणी गेले. लिंक रॉड बदलले. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही म्हणणार, कारण समोरून खट्‌ आवाज आला की बऱ्याचदा गुन्हेगार लिंक रॉडच निघतो. चार दिवस आवाज कमी वाटला. मग पुन्हा. मग वरचं स्ट्रट माउंटिंग बदललं. मला वाटतं आवाज गेल्याचं मी स्वतःला पटवून दिलं होतं, कारण बिल भरलं होतं. सगळं मिळून 9,000 रुपयांच्या वर गेले. दर वेळी एक भाग अंदाजाने बदलायचा आणि बघायचं. आमच्याकडे कुणी असं केलं तर मी त्याला खोलीत बोलावून घेते.

आणि मधल्या काळात त्या सुरूर रस्त्याच्या गॅरेजमधलं वाक्य मला एकदाही आठवलं नाही असं मी तुम्हाला सांगितलं, तर ते खोटं असेल. आठवलं होतं. मार्चमध्ये एकदा चांगलंच आठवलं. पण मी मनात म्हटलं, रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला काय, बदला म्हणणारच, त्याचं पोट त्यावर आहे. आणि एवढ्या मोठ्या ठिकाणी दोनदा बघितलंय की.

जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला होता, मी मुलीला घेऊन आईकडे आले. आईला पाचगणीला जायचं होतं. पसरणीचा घाट चढताना काही नाही. उतरताना मात्र प्रत्येक वळणावर, ब्रेक दाबला की, पायाखाली. आवाज नाही आता, धक्का. फरशीतून तळपायाला जाणवणारा. मुलगी मागे गाणी ऐकत होती. आई शेजारी बसून म्हणाली, "तुझी गाडी कण्हतेय गं." मी म्हटलं, "जुनी झालीय." शेवटची तीन वळणं मी पहिल्या गिअरमध्ये घेतली आणि मागे एस.टी. हॉर्न देत राहिली.

रात्री जेवताना आई म्हणाली, "सकाळी त्या सुरूर रोडच्या गॅरेजात दाखव. तुमच्याच वर्गातला मुलगा आहे तो. मी भाजी घेताना भेटतो, दर वेळी तुझी चौकशी करतो."

मला घास उतरेना. म्हणजे दिवाळीत त्यानं मला ओळखलं होतं. मी ओळखलं नव्हतं, आणि त्यानं ओळख सांगितली नव्हती.

त्याचं नाव मी इथून घेणार नाही. तसं त्यानं मला बजावलंय. तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि आत्ता खाली बघतोय, त्यावरून तुम्हाला कळलंच असेल.

सकाळी गेले. तो म्हणाला, "या मॅडम." मी म्हटलं, "अरे, मॅडम काय…" आणि पुढे मला त्याचं नाव एकेरी घेता येईना. तुम्हाला आठवत असेल, आपल्या शाळेत मुलं-मुली एकमेकांशी बोलत नव्हती. पाच वर्षं एका वर्गात बसून मी या माणसाशी दोन वाक्यं बोलले असेन, आणि त्यातलं एक "वही परत दे" हे होतं. गणिताची वही. त्यानं गाडी आत घेतली आणि आम्ही दोघांनी ओळखीचा विषय जॅकखाली सरकवला.

आता तपासणी कशी केली ते नीट सांगते, कारण इथे बऱ्याच जणांच्या गाड्या दहा वर्षांच्या पुढच्या आहेत. पुण्यात बहुधा गाडी रॅम्पवर चाकांवरच उभी होती. चाकं टेकलेली असली की खालचा हात एका बाजूला दाबून बसलेला असतो आणि ढिला सांधासुद्धा घट्ट वाटतो. यानं गाडी चॅसिसला जॅक लावून उचलली, खाली दोन भक्कम स्टँड दिले, आणि चाक अधांतरी सोडलं. मग चाकाला घड्याळाच्या 12 वर आणि 6 वर हात धरून हलवलं. थोडी हालचाल होती. "ब्रेक दाबा," म्हणाला. मी दाबला. तरी हालचाल तशीच. "दाबल्यावर थांबली असती तर बेअरिंग असतं," तो म्हणाला. 9 आणि 3 वर हलवून टाय रॉडचं टोक बघितलं, ते ठीक होतं. शेवटी टॉमी घेतली, म्हणजे लांब लोखंडी दांडा, आणि लोअर आर्म आणि नकल यांच्या मध्ये घालून हळूच दाबली. मला म्हणाला, "इथं बघा." मी टॉर्च धरून बघितलं. सांधा उघडत होता. दाबला की उघडायचा, सोडला की बंद. चांगल्या सांध्यात ही फट डोळ्याला दिसता कामा नये. इथे फटीत नख गेलं असतं.

तो टॉमी ठेवून उभा राहिला. "काल कुठं गेला होता?"

"पाचगणीला."

"कोण कोण होतं?"

मी सांगितलं. तो काही बोलला नाही. हात पुसले, पोराला चहा आणायला पाठवलं, आणि मोटरसायकल काढून स्वतः साताऱ्याला जोड आणायला गेला. फोन करून मागवता आला असता. आज बसमधून येणाऱ्याच्या हाती दिला तर उद्या मिळेल, म्हणून स्वतः गेला. मी त्या गॅरेजच्या बाकावर अडीच तास बसले. त्या अडीच तासांत मी काय विचार केला ते माझ्यापाशी राहू दे.

दोन जोड आणले होते. एका बाजूचा गेला की दुसरा फार मागे नसतो, आणि डाव्या बाजूच्या बुटालाही चिरा पडलेल्या होत्या. मी म्हटलं, "उजवा तू कर, मी बघते. डावा मी करते, तू बघ." हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "बांगड्या काढा."

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, जॅकवर गाडी कधी सोडायची नाही, स्टँड पाहिजेच, हे सगळं त्यानं मला शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं सांगितलं. सांध्याचा दांडा नकलच्या भोकात उतरता बसवलेला असतो, म्हणजे वर निमुळता, खाली जाड. वरून किल्ल्याच्या बुरुजासारखा खाचांचा नट, आणि तो फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली स्प्लिट पिन. पिन काढली, नट सोडला. मला वाटलं आता सांधा खाली पडेल. कुठला पडतोय. निमुळता दांडा वर्षानुवर्षं ठोके खाऊन भोकात असा रुततो की नट नसला तरी तो तिथेच. म्हणून तर नट पूर्ण काढायचा नसतो, दोन आटे राखायचे, म्हणजे सुटला तर एकदम अंगावर येत नाही.

मी हातोडी घेऊन दांड्यावर मारायला गेले, त्यानं हात धरला. आटे मोडतात. मारायचं ते नकलच्या बाजूवर, ज्या डोळ्यात दांडा बसलाय त्या डोळ्याच्या अंगाला. एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्यानं मारायचं. धक्क्यानं तो डोळा क्षणभर आकार बदलतो आणि दांड्याला सोडतो. मी दहा-बारा वेळा मारलं. टण, टण, टण. काही नाही. तो म्हणाला, "दहा नको. एकच मार."

मारा नाही, मार. मला तेव्हा कळलंही नाही. मी एकच मारला, सगळा राग घालून. राग पुण्यावर, हिरव्या खुणांवर, स्वतःवर. टण ऐवजी ठप्प असा आवाज आला आणि सांधा सुटला.

त्यानंतर अवघड काम आलं. आमच्या गाडीला हा जोड लोअर आर्मवर कारखान्यात तीन रिव्हेट मारून बसवलेला असतो. नव्या जोडाबरोबर तीन बोल्ट येतात, पण आधी जुने रिव्हेट काढायला हवेत. नकल तारेनं वर बांधून ठेवलं, नाहीतर ते बाहेर झुकून ॲक्सल ओढून काढतं. मग अख्खा हात खोलून बाहेर काढला आणि टेबलावरच्या व्हाइसमध्ये धरला. प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंच मारायचा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग बारीक ड्रिल, मग जाड ड्रिल, थेंब थेंब तेल सोडत. डोकं उडालं की छिन्नीनं खालचा भाग ठोकून काढायचा.

पहिला रिव्हेट मी वाकडा भोकला. पंच मध्यावर बसला नव्हता, मला दिसत होतं की बसला नाही, आणि मी तरी तसंच ड्रिल चालवलं. ड्रिल एका बाजूला सरकत हाताच्या मूळ भोकाच्या कडेला लागणार होतं. ते भोक अंडाकृती झालं असतं तर बोल्ट त्यात कायम हलत राहिला असता आणि पूर्ण हात फेकावा लागला असता. आमच्या धंद्यात चूक झाली की एक कळ दाबायची आणि मागच्या पायरीवर यायचं. मी खरोखर क्षणभर त्या ड्रिलकडे बघत राहिले, जणू तसं काही करता येईल. त्यानं प्लग काढला. काही बोलला नाही. हात व्हाइसमध्ये उलटा धरला, मागच्या बाजूने नवा मध्य शोधला, पंच मारला आणि ड्रिल माझ्या हातात परत दिलं. पुढचे दोन मी बरोबर केले.

मी विचारलं, "हा मध्य असा एका नजरेत शोधायला कुठं शिकलास? आयटीआयला?"

तो म्हणाला, "अगं, आठवीत. आपल्याच शाळेत. तू शिवणाला होतीस."

तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मुलगा या बॅचमधला मला अगं म्हणाला. आणि वाक्य काय होतं बघा.

सर इथे पुढे बसलेत, त्यांना आठवेल. मंचाच्या मागे लांब पत्र्याची खोली होती, त्यात पाच व्हाइस. मुलं टेक्निकलला तिकडे जायची. कानशीनं लोखंडाचा तुकडा चौकोनी करायचे, गुण्या लावून बघायचे, पुन्हा घासायचे. आम्ही मुली समोरच्या खोलीत शिवणाला. मधे अंगण. मी काज शिवत बसायचे आणि तिकडून टक, टक असा पंचाचा आवाज यायचा. शिवण शिकवणाऱ्या बाईही आज आल्यात. बाई, तुम्ही शिकवलेलं वाया गेलं असं मी म्हणत नाही. तुम्ही वाकडी शिवण चालवून घेत नव्हता, उसवायला लावायचात, आणि त्या दिवशी तो वाकडा रिव्हेट बघून मला आधी तुमची आठवण आली. पण मला त्या पत्र्याच्या खोलीत जायचं होतं. मी एकदा विचारलंही होतं. उत्तर मिळालं, मुलींचे हात खराब होतात. पुढे मी इंजिनिअर झाले, चार वर्षं शिकले, पहिल्या वर्षी वर्कशॉपही होतं. तिथे आमच्या गटातल्या मुलानं आम्हा मुलींचे जॉब घासून दिले आणि आम्ही त्याची जर्नल पूर्ण करून दिली. सगळ्यांना मार्क मिळाले. बघा, मी तेव्हाही हिरव्या खुणांवर खूश होते.

उरलेलं थोडक्यात. जुना जोड काढून हातात घेतला तर दांडा चिखलात काडी फिरावी तसा गळपटला होता, आणि आतून गंजाचं पाणी आलं. नवा इतका घट्ट की मला एका हातानं हलवता येईना. तसाच हवा. नवे तीन बोल्ट, जागेवर लॉक होणारे नवे नट. जुने नट परत वापरायचे नाहीत. मोजून कसायला टॉर्क पान्हा, आणि आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला, मनातला नाही. खाचांचा नट कसल्यावर खाच आणि भोक जुळलं नाही, तर नट किंचित पुढे कसायचा, मागे सैल करून जुळवायचं नाही. मला नेमका मागे घ्यायचा मोह झाला होता. स्प्लिट पिन नवी. आणि एक गोष्ट जी बरेच जण चुकवतात, ती त्यानं मला दोनदा सांगितली: लोअर आर्मचे मागचे बोल्ट, जिथे रबरी बुश असतात, ते गाडी हवेत असताना शेवटचे कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन बसल्यावर कसायचे. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेतच घट्ट होतो, आणि रोज गाडी उभी असतानाही पिळलेलाच राहतो, मग वर्षभरात फाटतो. नंतर अलाइनमेंट करून घेतली.

डाव्या बाजूला मला चार तास लागले. त्याला उजव्याला एक लागला होता. बिल दिलं तेव्हा त्यात जोडांचे 1,400 रुपये आणि एका बाजूची मजुरी. मी म्हटलं, "दुसऱ्या बाजूची?" "ती तू केलीस. तुझी तू घे." मी माझ्या हिशोबानं माझ्या चार तासांची किंमत काढून दाखवली तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. म्हणाला, "त्या पैशात गॅरेज विकत घे माझं."

मग मी त्याला दिवाळीबद्दल विचारलं. ओळखलं होतंस तर बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तू फोनवर होतीस." एवढंच. मी माफी मागायला सुरुवात केली तर पोराला हाक मारून पान्हे मोजायला लागला. त्यामुळे ती माफी राहिली आहे. आज सगळ्यांच्या समोर मागते, आता त्याला पान्हे मोजता येणार नाहीत.

संयोजकांना माझं एक म्हणणं आहे, ते मी लेखीही दिलंय. आपण शाळेला दहा संगणक देतोय. त्यातले पाच माझ्याकडून आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. पाचातले दोन कमी करा. त्या पैशात मंचामागच्या त्या खोलीचा पत्रा बदला आणि व्हाइस पुन्हा बसवा. मी परवा डोकावून आले, तिथे आता मोडके बाक ठेवलेत, पण दोन व्हाइस अजून टेबलाला आहेत, गंजलेले, फिरणारे. यंदा आठवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा जास्त आहेत, मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं. त्यांना शनिवारी सकाळी तिथे नेऊ. शिकवणारा मी बघून ठेवलाय. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही, पण नाही पण म्हटलेलं नाही. आणि मुलांना काज शिवायला शिकवायला बाई तयार असतील तर तेही करू.

हे माझ्या पिशवीत आहे ते उजव्या बाजूचं जुनं जोड. रांगेतून फिरवते. दांडा धरून हलवून बघा, केवढा ढिला आहे ते कळेल. ग्रीस पुसलंय, पण पूर्ण जात नाही, साड्या सांभाळा. शेवटच्या रांगेतून परत माझ्याकडे यायला हवं, ते मी ऑफिसात टेबलावर ठेवते. ज्यांना आपली गाडी बघून घ्यायची आहे त्यांनी जेवणानंतर फाटकापाशी आणा. त्यानं जॅक आणि टॉमी आणली आहे, आणि घड्याळाच्या 12 आणि 6 वर हात कुठे धरायचा ते मी दाखवीन.